डाव्या चाकाचे आटे

चाकाचा तिसरा स्टड तुटला तेव्हा चंद्रमौळी पान्याला जोडलेल्या पाइपावर दोन्ही पाय देऊन उभे होते. कडाक् असा आवाज झाला. पाना एकीकडे गेला, पाइप दुसरीकडे आणि अडुसष्ट वर्षांचा म्हातारा ओल्या वाळूत उजव्या खांद्यावर आडवा झाला.

कौमुदी धावली. सासऱ्याला हात द्यावा की नको हे तिला या घरात तीन वर्षं होऊनही नीट कळलेलं नव्हतं, म्हणून ती नुसतीच जवळ जाऊन वाकून उभी राहिली. चंद्रमौळी स्वतःच उठले. लुंगी झटकली, चष्मा शोधला आणि पडलेल्या माणसासारखं न दिसता काही तपासायला खाली बसलेल्या माणसासारखं दिसायचा प्रयत्न केला. पण समोर धनलक्ष्मी जाळं निवडत बसली होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं.

"ऐया, लागलं का?"

"काही नाही. गंज आहे," चंद्रमौळी म्हणाले. "खारा वारा. नट धरून बसलेत."

"तीन तुटले."

"मोजता येतात मला."

धनलक्ष्मीनं पुन्हा जाळ्यात मान घातली. नवरा गेल्यापासून तिची होडी तिचा भाऊ समुद्रात न्यायचा, पण होडी तिच्या नावाची होती आणि जीव होडीत होता. थोड्या वेळानं ती जाळ्याकडे बघतच म्हणाली, "शुक्रवारी दुपारनंतर वादळ किनाऱ्याला लागणार म्हणतात."

चंद्रमौळींनी बोटांवर दिवस मोजले. आज मंगळवार होता.

चेन्नईजवळच्या एन्नोरच्या त्या कोळीवस्तीत बेचाळीस होड्या. पूर्वी वाळूचा पट्टा रुंद होता तेव्हा वादळ आलं की माणसं खांद्याला खांदा लावून होड्या वर ओढायची. मग समुद्रानं वाळू खाल्ली, सरकारनं दगड टाकले आणि दगडांमध्ये वर यायला एकच चढाची वाट उरली. त्या वाटेनं होडी वर न्यायची तर यंत्र पाहिजे. गेल्या वर्षी कुणीतरी ट्रॅक्टर आणला, तो कण्यापर्यंत वाळूत रुतला. त्याला बाहेर काढलं ते चंद्रमौळींच्या ट्रकनं.

ट्रक मिलिटरीचा, लिलावातला. चारही चाकांना जोर, पुढे दोर गुंडाळायचा मोठा रीळ. चंद्रमौळींनी सत्तावीस वर्षं सैन्यात असलीच गाडी दुरुस्त केली होती, त्यामुळे चार वर्षांपूर्वी लिलावात हा ट्रक दिसला तेव्हा त्यांना हरवलेला भाऊ भेटल्यासारखं झालं. वस्तीवर त्यांना सगळे 'मिलिटरी ऐया' म्हणायचे. त्यांना ते आवडायचं, आणि आवडत नाही असं दाखवायलाही आवडायचं.

सोमवारी मागच्या डाव्या चाकातून ब्रेकचं तेल गळताना दिसलं. ब्रेक नसलेला ट्रक चढावर उभा करून होडी ओढायची म्हणजे होडी आणि ट्रक दोन्ही समुद्राला दान देण्यासारखं. चाक काढून आतलं रबर बदलायचं, तासाभराचं काम. त्या तासाभराच्या कामात चाक धरून ठेवणाऱ्या आठ दांड्यांतले, म्हणजे स्टडांतले, तीन गेले होते. उरलेल्या पाच स्टडांवर गाडी रिकामी रस्त्यानं नेता येते, वाळूत जोर लावता येत नाही. आणि चाक तर अजून निघालंच नव्हतं.

"आता पाचांस हात लावायचं नाही," चंद्रमौळी सुनेला म्हणाले. बाहेर तमिळ आणि सुनेशी तंजावरी मराठी, असं त्यांचं चालायचं. "पहिलें नवे स्टड आणूं. मग आग देऊन पांच काढितों. अस्कं गंजलेलं आहे, सगळं."

कौमुदीनं खाली पडलेला पाना उचलला. त्याच्या तोंडात तुटलेला तुकडा नटासकट अडकून होता. पाना आपटून तिनं तो काढला आणि पदरात घेतला. का घेतला हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. सवय होती.

ही सवय इचलकरंजीची. तिच्या वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, आणि शाळेतून आल्यावर दप्तर टाकून नट-बोल्ट डब्यांत वेगळे करायचं काम तिचं. मागाला लागणाऱ्या बोल्टांतले काही उलट्या आट्याचे असत. बोल्ट उभा धरायचा; आट्याच्या रेघा उजवीकडे वर चढत गेल्या तर सुलटा, डावीकडे चढल्या तर उलटा. आठव्या वर्षी तिला हे डोळे मिटून, नखानं कळायचं. पुढे ती गणित शिकली, जयगडला शिक्षिका झाली, तिथल्या बंदरात नोकरीला आलेल्या चंद्रमौळींच्या मुलाशी, गिरिधरशी, तिचं जुळलं आणि त्याच्या मागोमाग ती एन्नोरला आली. पण नख काही ते विसरलं नाही.

मोरीवर तिनं तो तुकडा साबण लावून घासला. माती गेली, रंगाचा पापुद्रा गेला, नटाच्या बाहेर आलेलं टोक उघडं पडलं. त्यावरून नख फिरवलं आणि ती तशीच बसून राहिली.

आटे सुलटे होते.

असल्या जुन्या मिलिटरी ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात हे सगळ्या वस्तीला पाठ होतं, कारण चंद्रमौळींनी ते सगळ्यांना शिकवलं होतं. साधा नट डावीकडे फिरवला की सुटतो. डाव्या चाकाचा उजवीकडे फिरवला की सुटतो, चाक पळताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी पंक्चरवाल्या एळुमलैनं पुढच्या डाव्या चाकाचा नट साध्यासारखा फिरवला आणि एक स्टड तोडला. त्यानंतर तीन महिने चहाच्या टपरीवर तो आला की चंद्रमौळी ग्लास उलटा धरून विचारायचे, "एळुमलै, चहा कुठल्या बाजूनं ओतायचा?" बिचाऱ्यानं शेवटी टपरी बदलली.

आणि आता हे मागचं डावं चाक. चार वर्षांत ते कधी निघालंच नव्हतं. लिलावात येण्याआधी डेपोत कुणीतरी त्याचा हब, म्हणजे ज्यात स्टड बसतात तो मधला भाग, बदलून दुसऱ्या बाजूचा बसवला असणार. स्टडाच्या टोकावर डाव्या आट्याची खूण असते, तीही इथे रंगाखाली आहे की नाही हे कुणी पाहिलं नव्हतं. सोडायचा म्हणून चंद्रमौळींनी नट उजवीकडे फिरवला, तो आवळला. अजून जोर लावला, अजून आवळला. मग पाइप घातला. मग पाइपावर उभे राहिले.

गंज वगैरे काही नव्हता. ज्याला काही माहीत नव्हतं त्याच्या हातून हे चाक सहज निघालं असतं. माहीत असलेल्या माणसानंच ते मोडलं होतं.

बाहेर ओसरीवर त्रिपुरसुंदरी, म्हणजे सासूबाई, नवऱ्याच्या खांद्याला कोमट एरंडेल चोळत होत्या. चंद्रमौळी डोळे मिटून बसले होते. शेजारी धनलक्ष्मी ताक प्यायला येऊन टेकली होती. कौमुदी तुकडा मुठीत घेऊन दारापर्यंत आली.

"अप्पा, ते स्टड सुलट्या आट्याचे असतील असं तर नाही ना?"

चंद्रमौळींनी एक डोळा उघडला. "डावं चाक आहे, कौमुदी."

"हो, पण..."

"तुझ्या बापाच्या लेथवर मिलिटरीचे ट्रक येत होते का?"

हे त्यांनी हसत म्हटलं होतं. धनलक्ष्मीला मराठी येत नव्हती, पण सुनेचा उतरलेला चेहरा कळायला भाषा लागत नाही. तीही उगीच हसली. कौमुदीची मूठ पदराआड गेली. या घराचा एक अलिखित नियम होता: अप्पांना चारचौघांत चूक म्हणायचं नाही. गिरिधर पाळायचा, सासूबाई चाळीस वर्षं पाळत आल्या होत्या. पण नियम पाळून उरलेले पाच स्टड वाचणार नव्हते. नवे स्टड आले की अप्पा आग देतील, पाइप घालतील आणि उजवीकडेच फिरवतील. पाचही जातील, आणि शुक्रवारी समुद्र वर येईल.

त्या रात्री गिरिधरचा फोन आला. वादळामुळे बंदरावर सगळ्या क्रेन बांधायचं काम लागलं होतं; शनिवारपर्यंत तो घरी येणार नव्हता. कौमुदीनं त्यालाही काही सांगितलं नाही. फक्त झोपण्याआधी नवी साबणवडी ओली करून त्या तुकड्याचं टोक तिच्यात दाबलं आणि उठलेला ठसा वाळत ठेवला.

बुधवारी सकाळी तिनं शाळेत रजा कळवली आणि सासऱ्यांसोबत निघाली. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे "पिशवी कोण उचलणार" एवढं म्हटल्यावर त्यांनी पिशवी तिच्याकडे दिली. तुटलेला तुकडा बरोबर घ्यायचा का, असं तिनं विचारून पाहिलं.

"कशास? माप मजला पाठ आहे. बावीस मिलिमीटरचा, दीडचा आटा, मुळाशी दातेरी."

तिनं तुकडा रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवला आणि साबणवडी वर.

लोकल सेंट्रलला पोचली आणि तिथून ती दोघं चालतच पुदुपेटला गेली. त्या गल्लीत गाड्या नुसत्या सुट्या झालेल्या असतात. एका दुकानात नुसते दरवाजे, पुढच्यात नुसते बंपर, त्यापुढे छतापासून टांगलेली स्टिअरिंगची चाकं. जमिनीवर इतकं तेल सांडलेलं की चप्पल उचलताना आवाज यावा. चंद्रमौळी तिथं गेले की त्यांची मान ताठ व्हायची.

पहिल्या दुकानदारानं उलट्या आट्याचा स्टड काढून दिला. जाडी बरोबर होती. चंद्रमौळींनी तो चष्म्याजवळ धरला, आणि कौमुदीनं पर्समधून साबणवडी काढून पुढे केली.

"हे काय?"

"ठसा आहे. आमच्याकडे बाबा असंच करायचे. आटा जुळतो का बघा."

साबण बघून दुकानदाराला हसू आवरेना. पण चंद्रमौळी हसले नाहीत. त्यांनी स्टड ठशावर टेकवला. पहिला आटा बसला, दुसरा खाचेबाहेर गेला. "दोनचा आटा आहे," ते म्हणाले आणि स्टड परत दिला. मग बाहेर आल्यावर साबण उलटासुलटा बघत, "बरा आहे हा उद्योग," एवढंच म्हणाले. कौमुदीनं साबण मुद्दामच आणला होता. ठशावरून आट्याचं अंतर समजत होतं, उलटा की सुलटा हे कुणी त्यावरून बघणार नव्हतं.

दुसरीकडे आटा जुळला, पण मुळाचा दातेरी भाग बारीक निघाला. असा स्टड हबच्या भोकात घट्ट बसत नाही. नट आवळताना स्टडच गोल फिरतो. दुकानदार म्हणाला, मागून वेल्डिंगचा टाका मारून देतो, काय बिघडतंय. चंद्रमौळींनी मान हलवली.

तिसऱ्या दुकानात सगळं जुळलं. आता हे उलटे स्टड घेतले तर विषय संपला; कौमुदीचा हात पर्सकडे गेला. पण म्हाताऱ्यानं खिशातून बोटभर लांबीची कानस काढली आणि स्टडाच्या मानेवर एकदाच ओढली. पांढरी रेघ उठली.

"मऊ आहे," ते म्हणाले.

"ऐया, सगळे हेच नेतात."

"सगळे डांबरी रस्त्यावर चालवतात. माझ्या दोराला होडी असते आणि होडीमागे माणसं उभी असतात. चाक निखळलं तर ती कुठं जातील?"

कौमुदीला त्या क्षणी सासऱ्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्याच वेळी पर्समधला तुकडा जास्त जड झाला. हा माणूस उंटावरचा शहाणा नव्हता. त्याला खरोखरच सगळं येत होतं. चुकलं होतं ते एकाच चाकापुरतं.

गल्लीच्या टोकाला हमीदभाई म्हणून चंद्रमौळींच्या ओळखीचा एक वयस्क दुकानदार होता. त्यानं दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. "उलट्या आट्याचा पाहिजे म्हणताय," तो म्हणाला. "असा कडक पुदुपेटमध्ये आता नाही मिळायचा. सुलटाही असा कडक मिळणं मुश्कील. वेस्ट मांबलमला श्रीनिधी म्हणून एक गृहस्थ आहेत. लष्करी कारखान्याच्या स्टोअरला होते. निवृत्त झाल्यावर लिलावात सुटे भाग घेत असतात, नाद म्हणून. त्यांच्याकडे नसेल तर कुठंच नाही." त्यानं फोन लावून दिला आणि पत्ता कागदावर लिहिला.

दुपार झाली होती. मांबलम स्टेशनवर उतरल्यावर दोघांनी उभ्या उभ्या दहीभात खाल्ला. चंद्रमौळींना डाव्या हातानं खावं लागत होतं आणि लोक बघतात म्हणून ते भिंतीकडे तोंड करून खात होते. कौमुदी लोकांच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिली.

श्रीनिधी तिसऱ्या मजल्यावर राहत होते. बारीक अंगाचे, कपाळावर गंध, सदऱ्याच्या खिशात तीन पेनं. चंद्रमौळींनी नाव-गाव सांगितलं आणि त्यांच्या तोंडावर आनंद पसरला.

"मग मराठीच बोलूं की. तंजावरांत कुठल्या रस्त्यावरचे?"

"पश्चिम वीधी."

"आमची दक्षिण. या, बसा. अगो, कॉफी ठेव."

खोलीत एका भिंतीला देव होते आणि उरलेल्या तिन्ही भिंतींना बिस्किटांचे पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर मोत्यासारखं अक्षर. कॉफी येईपर्यंत दोघा म्हाताऱ्यांनी ट्रकाचं साल, इंजिन आणि डेपो एवढं सगळं उरकून घेतलं. श्रीनिधींनी दोन डबे खाली उतरवले आणि शेजारी शेजारी ठेवले.

"हे उलटे, हे सुलटे. दोन्ही अस्सल, तेलकागदांत. कोणचें चाक?"

"मागचें डावें."

"म्हणजे उलटे." श्रीनिधींचा हात पहिल्या डब्याकडे गेला आणि थांबला. स्टोअरमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. नमुना बघितल्याशिवाय माल द्यायचा नाही हे त्याच्या हाडात होतं. "जुना तुकडा आणला असेल ना?"

"नाही आणला. गरज काय? डावें चाक म्हणजे..."

कौमुदीनं पर्समधून रुमाल काढला. काल दारात उभी राहून जे बोलायचं राहिलं ते आत्ता बोलायला हवं होतं, पण समोर पुन्हा परका माणूस होताच. तिनं रुमाल सोडला. तुकडा श्रीनिधींना देता आला असता. त्यांचा हातही पुढे आला होता. तिनं तो सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला.

"अप्पा, मी आणलाय. तुम्हीच बघून सांगा."

चंद्रमौळींनी आधी तिच्याकडे बघितलं, थोडं रागानं. मग तुकडा उभा धरला. खिडकीच्या उजेडाकडे नेला. अंगठ्याचं नख आट्यावर टेकवलं आणि हळूहळू वर नेलं. पुन्हा खालून वर नेलं. कॉफीवर साय धरली. श्रीनिधी डब्यावर हात ठेवून थांबले होते आणि कौमुदी जमिनीकडे बघत होती.

"सुलटे द्या," चंद्रमौळी म्हणाले.

श्रीनिधींनी तो तुकडा त्यांच्या हातून घेतला, एकदा पाहिला आणि परत दिला. मग त्यांनी दुसरा डबा उघडला, तेलकागद सोडले आणि तीन स्टड नटांसकट मोजून ठेवले. साबणाच्या ठशात आटे चपखल बसले. कानस लावली तर ती घसरली, रेघ उठली नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, "डेपोत हब बदलतात हो. आमच्या वेळीही बदलत. कोण सांगतो मागून?"

मांबलमहून लोकल सुटली. चंद्रमौळी खिडकीशी बसले होते आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. नुंगंबाक्कम स्टेशन गेलं. कौमुदीला वाटलं, आता हे आयुष्यभर बोलणार नाहीत.

"कधी कळलं तुजला?"

"काल. मोरीवर घासताना."

"काल विचारलंस खरं तू." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग पुढें का नाही बोललीस?"

"ओसरीवर धनलक्ष्मीअक्का होती."

चंद्रमौळींनी बाहेर बघितलं. मग हळूच म्हणाले, "आणि मी आज तिथं उलटे घेतले असते तर?"

"तर गाडीत सांगितलं असतं. भांडले असते तुमच्याशी. पाच अजून शाबूत आहेत, अप्पा."

"ते पांचही तोडले असते मी." त्यांनी मांडीवरची पिशवी चाचपली. "उद्या सकाळीच. आग देऊन." त्यांनी डावा हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला, क्षणभरच, आणि लगेच काढून घेतला. कौमुदीच्या डोळ्यांत पाणी आलं. किती हलकं वाटलं तिला.

गुरुवारी उजाडता समुद्राचा रंग मातकट झाला होता आणि वारा जमिनीलगत वाळू उडवत होता. अर्धी वस्ती ट्रकाभोवती जमली. चंद्रमौळींचा खांदा रात्रीत सुजला होता, हात वर होत नव्हता. त्यांनी पाना कौमुदीच्या हातात दिला.

"बसव नटावर. हां. आता डावीकडे ओढ."

कौमुदीनं ओढायला सुरुवात करायच्या आतच धनलक्ष्मी पुढे झाली. "ऐया, थांबा. हे डावं चाक. डावं चाक उजवीकडे सुटतं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

सगळे चंद्रमौळींकडे बघू लागले. खरं होतं तिचं. त्यांनीच शिकवलेलं ती म्हणत होती. हबात चूक होती, डेपोत चूक होती, काहीही सांगता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. कौमुदी पान्याला धरून तशीच उभी राहिली.

"हे चाक सुलटं आहे," चंद्रमौळी तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मंगळवारी गंज म्हणालो तो गंज नव्हता. मी न बघता उलटं फिरवलं. तीन स्टड मी तोडले. हिनं ते बघितलं, म्हणून बाकीचे उरले." मग सुनेकडे वळून मराठीत, "ओढ आता."

ती ओढायला लागली. मंगळवारी हे उरलेले पाच नटही आवळले गेले होते, पहिल्यांदा हलेनात. धनलक्ष्मीनं जाळं खाली टाकलं आणि दोन्ही हात कौमुदीच्या हातांवर ठेवून ती मागे झुकली. नटानं कर्र असा आवाज केला आणि तो सुटला. मग पुढचा. मग तिसरा. पाचवा सुटला तेव्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. कुणीतरी मागून शिट्टी मारली.

चाक आणि ब्रेकचा ड्रम निघाला. तुटलेले बुडखे हातोड्यानं मागे ठोकून काढले. नवे स्टड मागून घातले आणि नट आवळून आवळून दातेरी भाग भोकात ओढून घेतला, पाव फेरा, पुन्हा पाव फेरा. ब्रेकचं रबर बदललं, तेल भरलं. कौमुदी आत बसून ब्रेक दाबत होती आणि चंद्रमौळी खाली आडवे पडून ब्रेकच्या नळीतली हवा काढत होते. "दाब. सोड. दाब." दहाला काम झालं. साडेदहाला ट्रक दगडांच्या वाटेवर समुद्राकडे तोंड करून उभा होता आणि पहिल्या होडीला दोर लागला होता.

अंधार पडेपर्यंत एकोणतीस झाल्या, शुक्रवारी सकाळी उरलेल्या तेरा. प्रत्येक पाचव्या होडीनंतर चंद्रमौळी उतरायचे आणि त्या चाकाच्या आठही नटांवर पाना लावून बघायचे. एकही हलला नाही. सगळ्यांत शेवटी धनलक्ष्मीची होडी राहिली, कारण तिनं स्वतःच इतरांना पुढे जाऊ दिलं होतं. ती वर येईतो लाटा वाटेच्या तोंडाशी आल्या होत्या. होडी डांबरी रस्त्यावर टेकली तशी ती होडीच्या काठाला धरून मटकन खाली बसली आणि खूप वेळ उठलीच नाही.

दुपारी समुद्र वर आला. दगड ओलांडून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पाणी गेलं आणि तिथं नेण्यासारखं काही न सापडल्यानं रिकाम्या हातानं मागे फिरलं. घरात त्रिपुरसुंदरींनी गरम रसम-भात वाढला. चंद्रमौळी ताटावरच पेंगायला लागले.

रविवारी ऊन पडलं. होड्या पुन्हा खाली सोडायच्या होत्या. त्याआधी चंद्रमौळींनी पांढऱ्या रंगाचा डबा मागवला आणि मागच्या डाव्या चाकावर, नटांच्या शेजारी, डावीकडे वळणारा ठळक बाण काढला. मग हात पुसले, सदरा घातला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा एळुमलैच्या पंक्चरच्या दुकानाकडे चालू लागले. कौमुदी काळजीनं मागोमाग गेली.

एळुमलै टायर घासत होता. मिलिटरी ऐयाला बघून तो उभा राहिला आणि त्याचा चेहरा आपोआप पडला; आता पुन्हा ग्लास उलटा होणार असं त्याला वाटलं असावं.

चंद्रमौळींनी खिशातून तीन तुटके तुकडे काढले आणि एकामागून एक त्याच्या फळीवर ठेवले.

"तू एक तोडलास," ते म्हणाले. "हे माझे तीन. चल, चहा मी पाजतो."